यंत्र एकाचे, हात दुसऱ्याचे

भाद्रपद सरत येतो तेव्हा रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील आंबा-काजूच्या बागांतून गवत कमरेला लागलेले असते, आणि उजाडल्यापासून या टेकडीवरून त्या टेकडीवर यंत्रांची घरघर ऐकू येऊ लागते. ज्या बेणणीसाठी एकेकाळी विळे-कोयत्या घेतलेल्या माणसांची रांग लागत असे, ती आता खांद्याला पट्टा अडकविलेला एकटा माणूस करतो. ब्रशकटर हे त्या यंत्राचे दुकानातील नाव. गावात त्याला ग्रासकटर म्हणतात. मजुरांच्या टंचाईने गांजलेल्या बागायतदाराची फार मोठी अडचण या यंत्राने दूर केली आहे, हे निर्विवाद होय. दिवसभर वाकून विळा चालविण्याच्या कष्टांतून त्याने माणसाची पाठ सोडविली, हेही मान्य केले पाहिजे. तेव्हा यंत्र असावे की नसावे, हा येथे प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो यंत्र घेणारा आणि यंत्र धरणारा या दोन माणसांमधील अंतराचा.

अनुदानाचा अर्ज बागायतदार करतो. पावती, हमीपत्र आणि माहितीपुस्तिका त्याच्याच घरी येतात. विक्रेत्याचा माणूस अंगणात यंत्र सुरू करून दाखवितो, तेव्हा समोर उभा असतो तोही बागायतदारच. दुसऱ्या दिवसापासून मात्र ते यंत्र ज्याच्या हाती जाते तो बहुधा रोजावर आलेला एखादा तरुण असतो. पुस्तिका त्याच्या दृष्टीस पडलेली नसते, आणि यंत्राच्या कोणत्याही कागदावर त्याचे नाव नसते. भाड्याने अवजारे देणाऱ्या केंद्रातील यंत्राची कथा याहून निराळी नाही. तेथे तर एकच यंत्र एका आठवड्यात अनेक हातांतून फिरून येते. ज्याला शिकविले त्याने चालवावयाचे नाही आणि ज्याने चालवावयाचे त्याला शिकवावयाचे नाही, अशी ही व्यवस्था आहे. तीत बदल झाल्याखेरीज सुरक्षिततेची भित्तिपत्रके कितीही छापली तरी त्यांचा उपयोग भिंत झाकण्यापलीकडे होणार नाही.

प्रात्यक्षिकांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. प्रात्यक्षिक म्हणून जे दाखविले जाते त्यात यंत्र किती चटकन सुरू होते आणि गवत किती भराभर आडवे होते, एवढेच असते. ही विक्री झाली. हे शिक्षण नव्हे. दोरी ओढून यंत्र सुरू करणे हा यंत्रविद्येतील सर्वांत सोपा धडा होय. ते केव्हा थांबवावे, कसे खाली ठेवावे, कोणता नट कोणत्या बाजूला फिरतो, कोणता आवाज ऐकल्यावर पुढे पाऊल टाकू नये, हे शिकण्यास खरा वेळ लागतो, आणि नेमका तोच वेळ प्रात्यक्षिकात दिला जात नाही.

या यंत्राचे सामर्थ्य किती, याची कल्पना एका साध्या हिशेबाने येईल. दहा इंच व्यासाचे पाते मिनिटाला ७,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ९३ मीटर, म्हणजे ताशी ३३० किलोमीटरहून अधिक होतो. या वेगाने फिरणारे पोलाद गवताला लागले तर गवत कापते. पण कोकणातील गवताखाली काय असते ते सर्वांस ठाऊक आहे. जांभ्याचे खडे, ढासळलेल्या गडग्याचे दगड, जुन्या कुंपणाची काटेरी तार. अशा दगडाला पाते लागले की त्याचा कपचा कोठे जाईल हे चालविणाऱ्याच्या हाती राहत नाही. म्हणूनच चालत्या यंत्रापासून १५ मीटरच्या आत कोणीही असू नये, असा दंडक आहे. पंधरा मीटर म्हणजे मोठ्या माणसाची सुमारे वीस पावले. प्रत्यक्षात जेवण घेऊन आलेली बाई, कापलेले गवत ओढणारी मुले आणि बागेचा मालकही पाच पावलांवर उभे असतात. बेणणीपूर्वी बागेतून एकदा फेरी मारून दगड व तारा उचलाव्यात आणि न उचलता येणाऱ्या दगडाशेजारी एक काठी रोवावी, एवढ्याने अर्धे काम होते. या फेरीला लागणारा वेळ वाया गेला असे समजणाऱ्याने नव्या पात्याची किंमत तरी आठवावी.

दगडधोंड्यांच्या जागी आणि कलमांच्या बुंध्याभोवती पात्याऐवजी नायलॉनची दोरी वापरावी, हे उत्तम. या दोरीच्या यंत्राची मूळ कल्पनाच तशी आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी जॉर्ज बॅलस या गृहस्थाने १९७१ च्या सुमारास मोटारी धुणारे फिरते ब्रश पाहिले आणि झाडाची साल न दुखविता बुंध्याजवळचे गवत कापणारे साधन त्यावरून तयार केले. दोरी दगडाला लागली तर दोरी झिजते. तिचा गुण तोच आहे. परंतु ती झिजते म्हणून कित्येक ठिकाणी तिच्या जागी लोखंडी तार किंवा साखळीचा तुकडा बसविण्यात येतो. यासारखा घातकी शहाणपणा दुसरा नाही. साखळीचा दुवा सुटला तर तो बंदुकीच्या गोळीसारखा जातो. युरोपीय संघाने या यंत्रांना बसवावयाच्या साखळीसारख्या धातूच्या जोडणीच्या विक्रीवर २०१२ साली बंदी घातली. आपल्या गावी ती जोडणी दुकानात मिळो वा मिस्त्रीने करून देवो, विस्तार कार्यकर्त्याने ती दिसताच काढावयास लावली पाहिजे.

आता आवरणाविषयी, ज्याला सर्वत्र गार्ड म्हणतात. बहुतेक जुन्या यंत्रांवर ते नसते. ते पडलेले नसते, काढलेले असते, आणि काढणारा मूर्ख असतो असे मुळीच नाही. ओले, उंच गवत गार्डमध्ये गुंडाळते, पाते अडते, यंत्र सारखे थांबवावे लागते, आणि दिवसाचे काम मागे पडते. ही अडचण खरी आहे. तिला उत्तर म्हणून नुसता उपदेश करणे हे विस्तारकार्याचे लक्षण नव्हे. खरे उत्तर कापण्याच्या पद्धतीत आहे. कमरेइतके गवत एकाच फटक्यात मुळाशी न कापता आधी वरचा अर्धा भाग व मग खालचा, असे दोन टप्प्यांत कापले तर गुंडाळण्याचे प्रमाण पुष्कळ कमी होते. बहुतेक यंत्रांचे पाते वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. म्हणून कापण्याचा फेर उजवीकडून डावीकडे घ्यावा आणि पात्याच्या डाव्या अंगाने कापावे. पात्याचे पुढचे उजवे अंग जाड झुडपाला किंवा खुंटाला लागले, तर संपूर्ण यंत्र जोराने बाजूला फेकले जाते. ही युक्ती दाखविण्यास दहा मिनिटे लागतात आणि ती कळलेला माणूस गार्ड काढण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही.

डोळ्यांवरील चष्म्याचेही तसेच आहे. पावसाळी दमट हवेत बंद चष्म्यावर वाफ धरते, समोरचे दिसत नाही, आणि तो कपाळावर जातो. दिसत नसता यंत्र चालविणे हा धोका आणखी मोठा, असे चालविणारा म्हणतो, व त्याचे म्हणणे रास्त आहे. अशा वेळी जाळीचा मुखपट वापरावा. त्यावर वाफ धरत नाही. मात्र बारीक कण जाळीतून आत येऊ शकतात, म्हणून त्याच्या आत हवा खेळेल असा साधा संरक्षक चष्मा असावा. पायांत चप्पल नसावी. निदान जाड गमबूट व नडगीवर संरक्षक पट्टी असावी. कानांत बोळे हवेत, कारण १०० डेसिबलच्या आवाजात उघड्या कानांनी दिवसाकाठी पंधरा मिनिटांहून अधिक काळ राहणे कानास अपायकारक मानले जाते, आणि ही यंत्रे त्या घरात सहज आवाज करतात. हे सर्व साहित्य यंत्राचाच भाग समजावे. पट्टा नसलेले यंत्र कोणी विकत घेत नाही. मग चष्मा नसलेले का घ्यावे?

तथापि अपघाताचे मूळ पुष्कळदा बागेत नसून पडवीत, कोपऱ्यात ठेवलेल्या पेट्रोलच्या डब्यात असते, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी येते. तिचा क्रम पाहण्यासारखा आहे. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशात क्रमाक्रमाने सर्वत्र पोहोचले. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. कोकणातील पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या डब्यात किंवा टाकीत असे पेट्रोल महिना-दीड महिना राहिले की त्यात पाणी उतरते, आणि राहिलेला गाळ कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो. यंत्र मंद गतीवर टिकेनासे होते. रेस सोडली की बंद पडते. पुन्हापुन्हा दोरी ओढून कंटाळलेला माणूस मग एक स्क्रू पिळून मंद गती वाढवून ठेवतो. यंत्र बंद पडत नाही हे खरे, पण आता रेस सोडल्यावरही पाते फिरत राहते. गवत गुंडाळले म्हणून तो खाली वाकतो, यंत्र नुसते गुरगुरत आहे असे समजून हात घालतो, आणि बोटे जातात. लोक म्हणतात, हात घातला म्हणून अपघात झाला. पण तो अपघात त्या शिळ्या पेट्रोलापासून घडत आला होता.

म्हणून रेस पूर्ण सोडली असता पाते स्थिर राहिलेच पाहिजे, ही कसोटी रोज सकाळी पहिल्यांदा घ्यावी. न राहिल्यास मंद गती कमी करावी. तरीही फिरत असेल तर क्लचची स्प्रिंग थकली आहे असे समजून यंत्र दुरुस्तीस द्यावे. गवत काढण्यासाठी हात घालण्यापूर्वी यंत्र बंद करावे, पाते थांबल्याचे डोळ्यांनी पाहावे आणि प्लगची टोपी काढावी. बटण दाबल्यावरही पाते काही क्षण फिरत असते. रेसचा खटका दोरीने किंवा रबराने बांधून ठेवण्याची सवय काही ठिकाणी दिसते. घसरून पडलेल्या माणसाबरोबर यंत्रही थांबावे यासाठी तो खटका आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

पेट्रोल लागेल तेवढेच आणावे आणि हंगाम संपताच टाकी रिकामी करून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे कार्ब्युरेटरही कोरडा होतो. तेलाचे प्रमाण पुस्तिकेत असेल तेच. पन्नासास एक असल्यास लिटरला २० मिलिलिटर, पंचवीसास एक असल्यास ४०. फोर-स्ट्रोक यंत्रात तेल निराळ्या जागी भरावयाचे असते, पेट्रोलमध्ये मिसळावयाचे नसते. ज्या केंद्रात दोन्ही जातींची यंत्रे असतील तेथे डब्यांना निरनिराळे रंग दिले नाहीत तर घोटाळा झाल्यावाचून राहत नाही. एअर फिल्टर रोज झटकावा व पुस्तिकेप्रमाणे धुवावा. पात्याजवळच्या गिअरपेटीस पुस्तिकेतील तासांच्या हिशेबाने ग्रीस द्यावे. पाते काढताना त्याचा नट उलट्या आट्यांचा असतो हे विसरू नये. सुलट समजून जोर केलेल्या पान्याने अनेकांची बोटे पात्यावर आपटली आहेत. आट्यांची पकड सैल झालेला नट पुन्हा वापरू नये. पात्याला केसाएवढी चीर दिसली तरी ते भंगारात टाकावे. वेल्डिंग करून आणू नये.

ही सर्व कामे कोणी आणि केव्हा करावयाची? येथे पुन्हा मजुरीचा प्रश्न उभा राहतो. चालविणाऱ्यास पैसे मिळतात ते यंत्र फिरते त्या तासांचे. फिल्टर धुण्याचे, पाते तपासण्याचे, दगड वेचण्याचे तास कोणी मोजत नाही. मग तो ती कामे टाळतो, आणि त्याबद्दल त्याला बेफिकीर म्हणणे अन्याय्य होय. सकाळचा अर्धा तास व संध्याकाळचा अर्धा तास मजुरीत धरावा. टाकी संपली की निदान दहा मिनिटे विश्रांती असावी. तेवढ्यात इंजिन निवते, आणि निवल्याखेरीज त्यात पेट्रोल ओतू नये हा नियमही पाळला जातो. हातांचा थरकापही तेवढ्यात शमतो. वर्षानुवर्षे असा थरकाप सोसणाऱ्यांच्या बोटांना मुंग्या येतात, गारठ्यात बोटे पांढरी पडतात, आणि ही व्याधी जडली की सहसा पूर्ण बरी होत नाही.

जुन्या हापूस बागांच्या पुनरुज्जीवनामुळे चेनसॉही आता गावोगाव आला आहे. या यंत्राचा मुख्य धोका त्याच्या पट्टीच्या नाकाच्या वरच्या भागात आहे. तो भाग फांदीला टेकला की पट्टी क्षणार्धात उसळून चालविणाऱ्याच्या तोंडावर येते. पुढचा दांडा, जो साखळीचा ब्रेक होय, तो याच क्षणासाठी आहे. काम सुरू करण्यापूर्वी तो चालतो की नाही हे पाहावे. खांद्याच्या वर किंवा एका हाताने चेनसॉ चालवू नये. झाडावर चढून तो चालविणे हे दोरखंडाचे शिक्षण घेतलेल्या माणसांचेच काम आहे. आंबे उतरविण्यात हात कसलेला आहे एवढ्यावर कोणास वर चढवू नये. साखळीची धार गेली की नाही हे भुश्श्यावरून कळते. कपचे पडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडू लागला की माणूस यंत्रावर भार टाकू लागतो, आणि भार टाकणारा तोल गमावतो. त्या साखळीसाठी सांगितलेल्या जाडीचीच गोल कानस वापरावी.

विजेच्या ग्राइंडरविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, त्यास लाकूड कापण्याचे दातेरी पाते बसविणे ताबडतोब बंद झाले पाहिजे. ते यंत्र त्या पात्यासाठी केलेले नाही. चकतीवर छापलेली फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा कमी नसावी, आणि मधल्या कड्यावरील मुदत उलटलेली किंवा ओल लागलेली चकती चढवू नये. घरच्या वीजजोडणीत ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक साधन बसविलेले असावे. बॅटरीच्या नव्या कात्र्या व करवती आवाज करीत नाहीत, म्हणून निरुपद्रवी वाटतात. अडकलेली काटकी काढण्यापूर्वी त्यांची बॅटरी बाहेर काढावी.

मळणी यंत्रांत हात जाऊ लागले तेव्हा देशाला १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. मळणी खळ्यावर, चार माणसांदेखत होते. तेथील अपघात लपत नाही. बागेतील बेणणी मात्र एकटा माणूस करतो. त्याचा डोळा गेला तर ती बातमी गावाबाहेर जात नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचा लाभ राज्यातील वहितीधारक खातेदार शेतकऱ्यास व त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीस मिळतो. ज्याच्या नावे सातबारा नाही आणि ज्याच्या घरात कोणाच्याच नावे नाही, असा चालविणारा तीत बसत नाही. त्याच्यासाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. वर्षाचा हप्ता २० रुपये, वय १८ ते ७० आणि बँकेत खाते एवढेच तीस लागते. अपघाती मृत्यू झाल्यास २ लाख व एक डोळा कायमचा गेल्यास १ लाख रुपये तीतून मिळतात. बोट गेल्यास मात्र काही मिळत नाही. मालकाने हंगामाच्या आरंभी हे वीस रुपये आपल्या खिशातून भरण्यास हरकत नसावी.

जखम झालीच तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे व १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा. डोळ्यात कपचा रुतला असेल तर तो ओढू नये, डोळा चोळू नये. वाटीसारखे काही वर धरून रुग्णालय गाठावे. तुटलेले बोट स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून पिशवीत घालावे व ती पिशवी बर्फावर ठेवावी; बोट थेट बर्फात घालू नये.

या मुलखात खंडेनवमीला अवजारांची पूजा होते. ग्रासकटरलाही आता झेंडूची माळ पडते. त्या सकाळी माळ घालण्यापूर्वी गावातील सर्व यंत्रे एका अंगणात आणावीत, आणि विस्तार कार्यकर्त्याने ती मालकांकडून नव्हे तर चालविणाऱ्यांकडून उघडवून घ्यावीत. फिल्टर, पाते, नट, गार्ड, मंद गतीची कसोटी, सर्व त्यांच्याच हातांनी व्हावे. मालकांनी बाजूला बसून पाहावे. ज्या यंत्राला गार्ड नसेल त्याची पूजा पुढच्या आठवड्यावर ढकलावी, म्हणजे गार्ड लवकर सापडेल.

भाड्याच्या केंद्रांनाही एक सूचना करण्यासारखी आहे. त्यांच्या नोंदवहीत यंत्र नेणाऱ्याचे नाव लिहिले जाते. त्याशेजारी यंत्र चालविणाऱ्याच्या नावाचा एक रकाना आखावा, आणि ज्याचे नाव त्यात लिहावयाचे तो माणूस समोर उभा असल्याखेरीज, व त्याने पाते थांबवून, काढून, पुन्हा बसवून दाखविल्याखेरीज यंत्र केंद्राबाहेर जाऊ देऊ नये. येत्या बेणणीपासून हे सुरू करावयास निराळ्या मंजुरीची आवश्यकता नाही.